बेरोजगारी ३.२ टक्के असेल तर आमच्या बिल्डिंगमधली एवढी मुलं घरी कशी?

घोडबंदरकर
सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघांची जुंपली. एकाने टाकलं, देशातली बेरोजगारी ३.२ टक्क्यांवर आली. दुसऱ्याने पाच मिनिटांत उलटा फॉरवर्ड फेकला, त्यात आठ टक्के. ॲडमिननी 'इथे फक्त पाणी आणि पार्किंग' असं म्हणून विषय बंद केला, म्हणून इथे विचारतोय.

राजकारण नको, मला साधं कळून घ्यायचंय. माझा भाचा कळव्याला राहतो, बीई मेकॅनिकल. रबाळ्याला एका ठिकाणी कंत्राटावर होता, ते कंत्राट संपून आठ-नऊ महिने झाले. मध्ये लग्नसराईत मित्राच्या मंडप डेकोरेशनवर दीडेक महिना राबला. सध्या शेजारच्या दोन मुलांना संध्याकाळी गणित शिकवतो आणि उरलेला वेळ नोकरीचे अर्ज भरतो. ताई म्हणते घरी बसलाय, भावजी म्हणतात धडपडतोय. सरकारी हिशोबात हा बेरोजगार धरतात की नाही? आणि ३.२ खरं की ८?

चहाबिस्कीट
मुलीकडच्यांना विचारा. त्यांच्या व्याख्येपुढे कुठल्याही सर्वेक्षणाची व्याख्या ढिलीच. :ड

खाडीपलीकडे
वरून आकडा ठरतो, खाली तो भरतात. २०१९ विसरलात का? बेरोजगारीचा अहवाल तयार असून दाबून ठेवला, सांख्यिकी आयोगातले दोघे राजीनामा देऊन बाहेर पडले, आणि निवडणूक आटोपल्यावर गुपचूप प्रसिद्ध केला. त्यानंतर मी हे आकडे वाचणं सोडलं.

आकडेमोड
खाडीपलीकडे, घटना बरोबर आहे. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले, अहवाल ३१ मे २०१९ ला आला. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. त्या अहवालात २०१७-१८ चा दर ६.१ टक्के होता, सरकारला नको असलेला. आकडा वरून ठरत असता तर दाबून ठेवायची गरजच काय होती? प्रसिद्ध करायला उशीर करणं वेगळं आणि आकडा बनवणं वेगळं. पहिल्याबद्दल शिव्या घाला, मीही घालतो.

आता मूळ प्रश्न. ३.२ टक्के हा पीएलएफएस, म्हणजे केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमबल सर्वेक्षणाचा २०२३-२४ चा आकडा. वय १५ आणि त्यावरचे सगळे. हे सर्वेक्षण एप्रिल २०१७ पासून चालतं. आठच्या आसपासचे आकडे बहुतेक वेळा सीएमआयई या मुंबईच्या खासगी संस्थेचे असतात. दोघांची मोजपट्टी वेगळी. सीएमआयई साधारण त्या दिवशी तुम्ही काय केलंत ते विचारते, ३.२ वाला आकडा मागच्या ३६५ दिवसांचा हिशोब लावतो. त्यामुळे एक खरा म्हणजे दुसरा खोटा असं होत नाही.

बहुतेकांचा गोंधळ भागाकारात होतो. बेरोजगारीचा दर म्हणजे शंभर माणसांत किती बेकार असं नव्हे. आधी बघायचं, किती जण काम करतायत किंवा काम मागतायत. हे झालं श्रमबल. गृहिणी, कॉलेजातली पोरं, पेन्शनर यातले ज्यांना काम नकोच आहे ते यातून बाहेर. मग या श्रमबलात बेकार किती, तो दर. २०२३-२४ मध्ये श्रमबलाचा सहभाग होता ६०.१ टक्के. त्यातले ३.२ टक्के बेकार, म्हणजे प्रत्यक्ष कामावर असलेले त्या वयोगटातल्या लोकसंख्येच्या ५८.२ टक्के. गुणाकार करून बघा, जमतो.

म्हणून बेरोजगारीचा दर एकटा कधी वाचू नये. समजा शंभर माणसांत ४० कामावर आणि १० शोधात आहेत. दर २० टक्के. उद्या त्या दहातले पाच कंटाळून 'नको बाबा' म्हणाले. कामावर अजूनही ४०च, पण दर झाला ५ भागिले ४५, म्हणजे ११ टक्के. एकालाही नोकरी मिळाली नाही आणि दर जवळजवळ निम्म्यावर आला.

चहाबिस्कीट
म्हणजे सगळ्यांनीच शोधणं सोडलं तर देश पूर्ण रोजगारयुक्त. उद्यापासून सुरुवात करतो, देशासाठी.

ऐरोली_नाईटशिफ्ट
आमच्याकडे बेंचवर बसलेल्यांचं काय हो? पगार चालू, काम शून्य, दिवसभर कॅन्टीन.

आकडेमोड
कामावर. नोकरी आहे पण त्या आठवड्यात काम केलं नाही (रजा, आजारपण, संप, बेंच), तरी कामावरच धरतात.

ऐरोली_नाईटशिफ्ट
मॅनेजरला हा धागा पाठवतोय.

मंजूषा_नेरूळ
'काम नकोच आहे ते बाहेर' हे वाक्य वाचून चहा सांडला माझा. गृहिणीला काम नको असतं असं कोणी ठरवलं? मी पहाटे पाचला उठते, सासऱ्यांचं डायलिसिसचं वेळापत्रक, मुलाची शाळा, सगळं माझ्यावर. वर गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते, दिवाळीत चकली-अनारसे, मार्गशीर्षात पुरणपोळ्या. मी श्रमबलात आहे की बाहेर? की मोदकाला चव आहे पण कोड नाही?

आकडेमोड
ताई, शब्द माझे चुकीचे पडले असतील, मोजणी करणाऱ्यांच्या भाषेत बोललो. घरचं काम देशाच्या उत्पन्नात धरत नाहीत म्हणून ते या हिशोबात 'काम' नाही. ते श्रमाचं नाही असं कोणी म्हणत नाही.

मंजूषा_नेरूळ
म्हणत नाहीत, फक्त मोजत नाहीत. बरं.

टॅबवाला
बरेच दिवस वाचनमात्र होतो, या धाग्यावर राहवलं नाही. मी या सर्वेक्षणात काही वर्षं घरोघरी फिरलोय, ठाणे-कळवा-मुंब्रा आणि नवी मुंबईचा काही भाग. म्हणून आतून सांगतो.

कोण काय करतं याचे आमच्याकडे आकडी कोड असतात, आणि मंजूषाताईंनाही कोड आहे. किंबहुना दोन-तीन आहेत, आणि कुठला लागेल ते कोण उत्तर देतंय आणि आम्ही किती खोदून विचारतो यावर ठरतं. फक्त घरकाम असेल तर ९२. घरकामासोबत घरच्यासाठीच शिवणटिपण, सरपण गोळा करणं वगैरे असेल तर ९३. हे दोन्ही श्रमबलाबाहेर. पण विकण्यासाठी काही केलं की बाई कामकरी. स्वतःचा धंदा असेल तर ११, नवऱ्याच्या दुकानात बिनपगारी हातभार असेल तर २१. ताईंच्या ऑर्डरी वर्षभरात मिळून ३० दिवस किंवा जास्त भरत असतील, तर मुख्य काम घरकाम धरूनही 'दुय्यम काम' म्हणून त्या कामकऱ्यांत मोजल्या जातात. ३.२ टक्केवाल्या आकड्यात मुख्य आणि दुय्यम दोन्ही धरलेलं असतं.

कळव्याचं एक घर सांगतो. चाळीत पहिला मजला, दारातच सासूबाई. यादीतला प्रश्न विचारला, 'सूनबाई काय करतात?' 'काही नाही, घरीच असते.' टॅबवर ९२ दाबून पुढे गेलो असतो तर दोन मिनिटांत सुटलो असतो. पण आतल्या खोलीत सून खाली बसलेली, समोर ताटात इमिटेशनच्या कानातल्यांचे सांगाडे, एका बशीत खडे, आणि चिमट्याने एकेक खडा डिंकावर ठेवणं चाललेलं. मान वर न करता. विचारलं, हे कोणासाठी? 'ते होय, माणूस येऊन देऊन जातो, ग्रोसवर (बारा डझनांवर) पैसे.' किती वेळ? 'दुपारचं काम आवरलं की, मग मुलं येईपर्यंत.' म्हणजे रोजचे तीनेक तास. सासूच्या लेखी ती 'घरीच असते', नवऱ्याच्या लेखीही. सर्वेक्षणाच्या लेखी ती स्वयंरोजगारी आहे. घरी माल आणून देऊन तुकड्यावर काम करून घेतात त्यांना त्याच खान्यात टाकतात.

आता गंमत बघा. ज्या बाईला ना मालक माहीत, ना दर ठरवायची मुभा, ती कागदावर 'स्वतःचा व्यवसाय' करते.

मंजूषा_नेरूळ
टॅबवाला, हे वाचून बरं वाटलं आणि वाईटही. सासूबाईंना विचारायचं सोडून आधी तिलाच का नाही विचारत?

टॅबवाला
जो दार उघडेल तो उत्तर देतो, ताई. दुपारी गेलं तर घरात सासू किंवा दहावीतली मुलगी. दहावीतल्या मुली सगळ्यात अचूक सांगतात, वडिलांच्या पगारासकट.

बाबा_वागळे
नमस्कार मंडळी. वय वर्षे ७१. वागळे इस्टेटमध्ये एका इंजिनिअरिंग कारखान्यात टर्नर होतो. कारखान्याचे नाव घेत नाही, तो आता नाहीही, तिथे काचेची इमारत आहे. बंद पडला तेव्हा माझे वय ४९. हातात काही रक्कम दिली आणि घरी पाठवले. पुढच्याच महिन्यात मी एका सोसायटीत रखवालदार लागलो, कारण दोन मुलींची शिक्षणे चालू होती. पगार आधीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी, रजा नाही, फंड नाही.

तुमच्या या सर्वेक्षणात मी एकही आठवडा बेरोजगार दिसलो नसतो. माझ्याबरोबरचे बहुतेक असेच. कोणी रिक्षा घेतली, कोणी वडापावची गाडी लावली, एक जण गावी जाऊन भावाच्या शेतात उभा राहिला. सगळे कामावर! बेकार राहणे हे ज्याला परवडते त्याचे काम आहे. गरिबाला संध्याकाळी चूल पेटवायची असते.

आकडेमोड
बाबा, तुम्ही जे लिहिलंत ते अर्थशास्त्रवाले पन्नास वर्षं वेगवेगळ्या तऱ्हेने लिहितायत. आपल्याकडे देशभर सरसकट बेकार भत्ता नाही. विमा योजनेत असलेल्या कामगाराला नोकरी गेल्यावर ९० दिवसांपर्यंत पगाराचा काही भाग (आधी पाव, २०२० पासून अर्धा) द्यायची एक तरतूद २०१८ मध्ये आली, पण ती ईएसआयसीवाल्यांपुरती, म्हणजे कामगार राज्य विम्यात नाव असलेल्यांपुरती. त्यामुळे अशिक्षितांत बेरोजगारी अगदी कमी आणि पदवीधरांत कितीतरी जास्त दिसते. १५ ते २९ वयोगटात २०२३-२४ चा दर १०.२ टक्के होता, एकूण दराच्या तिप्पट. घरी आई-वडील खायला घालतात तोवरच 'मनासारखी नोकरी' शोधता येते.

एमपीएससी_झोन
वरचं शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं, पण खरं आहे. आमच्या अभ्यासिकेत साठ खुर्च्या. वयं २२ ते ३१. कोणाला विचारलं तर 'तयारी करतोय'. आम्ही कशात? बेकार की विद्यार्थी?

टॅबवाला
तुझ्या उत्तरावर आहे, मित्रा. कुठेतरी एमए-बिएमएला नाव घालून ठेवलंय आणि मुख्य काम शिक्षण असं सांगितलंस तर ९१, म्हणजे श्रमबलाबाहेर. नाव कुठे नाही आणि 'काम मिळालं तर करीन' म्हणालास तर ८१, बेकार. आपल्या पद्धतीत अर्ज करत फिरलंच पाहिजे अशी अट नाही, कामाला तयार असणंही पुरतं. म्हणून आकडेमोड यांचं वरचं शंभर माणसांचं उदाहरण आपल्याकडे जसंच्या तसं लागू होत नाही. कंटाळून शोधणं सोडलं पण विचारल्यावर 'मिळालं तर उद्या जातो' म्हणाला, तर तो बेकारांतच राहतो. अमेरिकेत मात्र मागच्या चार आठवड्यांत शोधलं असेल तरच मोजतात.

आकडेमोड
मान्य, चांगला मुद्दा. तरी 'आता नकोच' किंवा 'शिकतोय' म्हणणारा बाहेर जातोच.

एमपीएससी_झोन
साठातल्या पंचेचाळीस जणांची कुठेतरी ॲडमिशन आहे. हॉस्टेल आणि पासाच्या सवलतीसाठी. म्हणजे आम्ही आकड्यात नाहीच!

खाडीपलीकडे
बघा! म्हणूनच म्हणतो, फसवणूक. आठवड्यात एक तास काम केलं तरी रोजगार. एक तास!! हे कोणी ठरवलं?

आकडेमोड
एक तासाची अट आपण शोधलेली नाही, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सांख्यिकी परिषदेतली आहे, बहुतेक देश पाळतात. आणि ती 'साप्ताहिक' आकड्याला, म्हणजे मागच्या सात दिवसांत काय केलं त्यावरून काढलेल्या आकड्याला लागते, वार्षिक ३.२ ला नाही. आठवडी आकडा नेहमी थोडा जास्त येतो. एप्रिल २०२५ चं पहिलं मासिक बुलेटिन आलं त्यात तो ५.१ टक्के होता. तेव्हाही पेपरात '३.२ वरून ५.१, बेरोजगारी उसळली' असे मथळे बनवायचा मोह झाला असणार. दोन वेगळ्या पट्ट्या आहेत, तुलना करायचीच नाही.

तुर्भे_टू_ठाणे
नाक्याचं कोणी बोललंच नाही. आमच्याकडे सकाळी सातला नाका भरतो. गवंडी, पेंटर, बिगारी, टाइल्सवाले. पिशवीत थापी नाहीतर ब्रश, बाहेर डोकावणारा, म्हणजे येणाऱ्या गाडीला लांबून कळतं कोण काय आहे. साडेनऊपर्यंत गाडी आली तर आली, दहानंतर जो उभा आहे त्याचा दिवस गेला. पावसाळ्यात आठवड्यात दोन दिवस मिळाले तरी नशीब. दोन दिवस काम, पाच दिवस उभं राहणं. हा माणूस तुमच्या आठवडी आकड्यात काय?

टॅबवाला
कामावर. कोड ५१, म्हणजे रोजंदारी.

तुर्भे_टू_ठाणे
झालं मग. पाच दिवसांचं काय करायचं?

आकडेमोड
हाच प्रश्न १९७० साली दांतवाला समितीसमोर होता. प्रा. एम. एल. दांतवाला, मुंबई विद्यापीठाचे. त्यांचं म्हणणं होतं की पाश्चात्त्य पद्धतीने एकच बेरोजगारीचा आकडा काढणं आपल्याकडे निरर्थक आहे, कारण इथे माणूस पूर्ण कामावर किंवा पूर्ण रिकामा असं नसतंच. त्यानंतर १९७२-७३ च्या फेरीपासून वर्षाचा, आठवड्याचा आणि रोजचा असे तीन हिशोब सुरू झाले. रोजच्या हिशोबात अर्धा-अर्धा दिवस मोजायचा, म्हणजे तुमच्या नाक्यावरच्या माणसाचे ते पाच दिवस बेकारीचे धरले जायचे. हल्ली ठळक बातम्यांत वर्षाचा आणि आठवड्याचाच आकडा असतो. माझ्या मते नाक्यासाठी रोजचाच हिशोब खरा होता.

बाबा_वागळे
१९७२ म्हणजे दुष्काळाचे साल. तेव्हा रोजगार हमीवर खडी फोडलेली माणसे मी पाहिली आहेत, आमच्या गावचेच होते. महाराष्ट्राने कायदा १९७७ साली केला, देशाला सुचायला पुढे २००५ उजाडले.

चहाबिस्कीट
अवांतर: वागळे इस्टेटमधल्या त्या जुन्या कॅन्टीनांमध्ये मिसळ कुठली भारी होती बाबा?

बाबा_वागळे
कामगार कॅन्टीनमध्ये मिसळ नव्हती, उसळ-पाव होता. आणि सबसिडीत होता म्हणून भारी होता.

मंजूषा_नेरूळ
अवांतरात अवांतर: एपीएमसीतले माथाडी कशात येतात हो? माझे काका कांदा-बटाट्यात होते, तोलाई-वाराईवर (माल तोलण्या-उतरवण्यावर) पैसे, पण बोर्डातून पगार, फंड, बोनस सगळं. रोजंदारी म्हणायचं की नोकरी?

टॅबवाला
फार छान प्रश्न आणि आम्हाला तो नेहमी अडायचा. काम रोजचं बदलणारं, मजुरी नगावर. पण १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे व्यापारी पैसे बोर्डात भरतो, बोर्ड हमालाला देतं, मजुरीवर व्यापारी जी जादा लेव्ही भरतो त्यातून फंड-ग्रॅच्युइटी. नोंदणी असलेल्याला नियमित पगारी धरावं असं माझं मत होतं, सुपरवायझरचं वेगळं. बिननोंदणीचा मात्र सरळ ५१.

संपादक मंडळ
मिसळ-उसळ आवरा. विषय आकडेवारी आहे.

ऐरोली_नाईटशिफ्ट
विषयावर येतो. लॉकडाऊनच्या वर्षी दर काय होता? तेव्हा आमच्या पीजीतली अर्धी मुलं गावाला गेली, खालचा टपरीवाला गेला तो परत आलाच नाही. आत्ता शोधलं तर २०१९-२० चा दर ४.८ दाखवतंय आणि त्याच्या आदल्या वर्षी ५.८. लॉकडाऊनमध्ये बेरोजगारी कमी झाली? आता खाडीपलीकडेंच्या बाजूने जावंसं वाटतंय.

खाडीपलीकडे
या या, जागा भरपूर आहे.

आकडेमोड
थांबा. ते वर्ष जुलै २०१९ ते जून २०२० असं आहे. लॉकडाऊन त्यातल्या शेवटच्या तीन महिन्यांत, आणि विचारणा 'गेल्या ३६५ दिवसांत बहुतेक वेळ काय केलंत'. मार्चपर्यंत कामावर असलेला माणूस 'बहुतेक वेळ कामावर' येणारच. त्याच सर्वेक्षणाचा शहरी भागाचा आठवडी आकडा एप्रिल-जून २०२० साठी जवळपास २१ टक्के आहे. एकाच सर्वेक्षणातले दोन्ही आकडे, दोन्ही प्रसिद्ध झालेले. धक्का कळायला आठवडी आकडा, आणि कल कळायला वार्षिक.

शिवाय त्या वर्षी गावी परतलेले लोक शेतावर उभे राहिले. बाबांचा मित्र गेला तसेच. तेही कामकऱ्यांत.

ऐरोली_नाईटशिफ्ट
२१! हे कोणी फॉरवर्ड करत नाही.

खाडीपलीकडे
बरं, एक विचारतो आणि खरंच विचारतो. बायकांचा सहभाग २३ टक्क्यांवरून ४१ वर गेला म्हणून टाळ्या वाजवतात. सहा-सात वर्षांत एवढ्या नोकऱ्या कुठून आल्या? मला तर आमच्या ऑफिसात बायका कमी झालेल्या दिसतात.

आकडेमोड
आकडा बरोबर: २०१७-१८ मध्ये २३.३, २०२३-२४ मध्ये ४१.७. आता फोडून बघा. गावाकडे २४.६ चे ४७.६ झाले. शहरात २०.४ चे २८. म्हणजे वाढ मुख्यतः खेड्यातली. आणि कामकरी बायकांत स्वयंरोजगारी ५१.९ टक्क्यांवरून ६७.४ वर. यात स्वतःचा धंदा आणि घरच्या शेतीत-दुकानात बिनपगारी मदत, दोन्ही येतं. ही प्रगती की अडचणीपोटी आलेली वेळ, यावर अभ्यासकांचंच एकमत नाही. मला दुसरं जास्त पटतं.

टॅबवाला
मला तिसरंही वाटतं. आधीच्या फेऱ्यांत ९२ लिहून सोडलेल्या बायका पुढे पुढे नीट विचारल्यामुळे २१ मध्ये आल्या असाव्यात. प्रशिक्षणात आम्हाला यावर फार बजावलं जायचं. किती फरक याचा ते कोणी वेगळं काढू शकत नाही.

मंजूषा_नेरूळ
मला यात टाळीही वाजवावीशी वाटत नाही आणि छातीही बडवावीशी वाटत नाही. बायका आधीही राबत होत्याच. मला पाहिजे तो आकडा असा की किती बायकांच्या स्वतःच्या खात्यात पैसे येतात. तो आहे का कुठे?

आकडेमोड
जवळचा आकडा म्हणजे नियमित पगारी बायकांचं प्रमाण. कामकरी बायकांत ते याच काळात घटलंय.

घोडबंदरकर
मंडळी, धागा माझा, माझ्या भाच्याचं काय ते सांगा की! ताईचा रोज फोन येतो.

टॅबवाला
सांगतो. समजा मी आज ताईंच्या दारात आलो.

गेल्या वर्षभरातला बहुतेक काळ तो एक तर काम करत होता किंवा शोधत होता, म्हणून श्रमबलात नक्की. त्यातला जास्त काळ शोधण्यात गेला, म्हणून मुख्य स्थिती बेकार. पण मंडपाचं काम ३० दिवसांहून जास्त, म्हणून दुय्यम स्थिती कामकरी. ३.२ टक्के हा मुख्य-दुय्यम मिळूनचा आकडा, तिथे तुमचा भाचा कामावर आहे. आठवडी हिशोबात शिकवणीचे पैसे घेत असेल आणि या आठवड्यात एक तास जरी शिकवलं असेल तर तिथेही कामावर. पण त्या दोन मुलांची परीक्षा संपून ती आजोळी गेली असतील तर त्या आठवड्यात तुमचा भाचा बेकार. मुलं परत आली की पुन्हा रोजगार.

चहाबिस्कीट
देशाचा रोजगार शेजारच्या बंड्याच्या मे महिन्याच्या सुट्टीवर. छान.

घोडबंदरकर
हे ताईला सांगू की भावजींना? आणि मग ठाण्याचा वेगळा आकडा कुठे मिळतो? देशाचं कळलं, आपल्या जिल्ह्याचं काय?

आकडेमोड
जिल्ह्याचा आकडा म्हणून जो कोणी फॉरवर्ड करेल त्याला आधी उगम विचारा. २०२४ पर्यंत नमुना राज्य पातळीपुरताच पुरेसा होता. जानेवारी २०२५ पासून आखणी बदलली, जिल्हा हा नमुन्याचा पाया केला, घरांची संख्या वर्षाला २ लाख ७२ हजारांच्या घरात नेली, आणि निवडलेल्या घरात लागोपाठ चार महिने जातात. तरी ठाण्यासारख्या जिल्ह्यात, जिथे एका बाजूला हिरानंदानीचे टॉवर आणि दुसऱ्या बाजूला शहापूरचे पाडे, एक आकडा काढून कळणार काय, हा माझा प्रश्न आहे.

रोजगार केंद्रातली नोंदणी आणि पीएफचे मासिक आकडे हेही जिल्हा-राज्याच्या नावाने फिरतात. पहिल्यात नोकरी लागलेले नाव काढत नाहीत. दुसऱ्यात एखाद्या आस्थापनेला फंड लागू झाला की जुनेच कामगार नवे म्हणून दिसू शकतात. दोन्ही बेरोजगारीचं माप नाहीत.

खाडीपलीकडे
एवढं वाचून माझं मत किंचित बदललंय. आकडा खोटा नाही, बातमी खोटी आहे. पण अहवाल दाबल्याचं मी विसरणार नाही.

आकडेमोड
विसरू नकाच.

बाबा_वागळे
टॅबवाला, आपण इतके फिरलात, एक सांगा. मिळकत विचारता का? कारण रखवालदार आणि टर्नर दोघे 'कामावर' असले तरी फरक तिथे कळेल.

टॅबवाला
विचारतो बाबा. पगारी माणसाचा मागच्या महिन्याचा, स्वयंरोजगाऱ्याचा मागच्या ३० दिवसांचा, रोजंदारीचा त्या आठवड्याचा. लेखी करार आहे का, पगारी रजा आहे का, फंड आहे का, हेही. अहवालात मागे सगळे तक्ते असतात. तिथवर पत्रकार पोचत नाहीत, कारण पहिल्या पानावर बेरोजगारीचा दर असतो.

मंजूषा_नेरूळ
मी मोदकांचे पैसे खरे सांगितले तर ते इन्कम टॅक्सकडे जातात का? आमच्या बिल्डिंगमध्ये एकदा कोणी आलं होतं, वॉचमननेच परतवलं.

टॅबवाला
नाही जात. नाव-पत्ता काढून टाकलेली माहिती मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट मिळते, आकडेमोड यांच्यासारखे तीच उतरवून घेतात. त्यात तुम्ही फक्त एक ओळ असता: स्त्री, वय अमुक, मुख्य ९२, दुय्यम ११. आणि वॉचमनला सांगून ठेवा, ओळखपत्र बघून वर सोडत जा. बंद दाराच्या जागी आम्हाला दुसरं घर घ्यावं लागतं, आणि बंद दारं बहुतेक तुमच्याच टॉवरांमध्ये असतात. चाळीत पाणी विचारतात आधी.

मंजूषा_नेरूळ
पाणी काय, मोदक देते. गणपतीत या.

टॅबवाला
घेता येत नाहीत हो ताई. खाता येतात का, ते सुपरवायझरला विचारून सांगतो.